तीन शेरे, तीन सह्या

टेबलावर कोरं लॉगबुक ठेवलं होतं. शेजारी तीन पेनं होती, तीन वेगळ्या शाईची.

"परब, ऑगस्टपासूनची सगळी रीडिंग्ज यात उतरवून घ्या," कन्सल्टंट म्हणाले. "दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला बसवा. अधूनमधून पेन बदलायला सांगा, एका शाईत लिहिलेलं दिसायला नको. खाली सह्या तुम्ही करा."

"आणि शेऱ्याचा रकाना?" मी विचारलं.

"रोज नॉर्मल."

कारखान्याचे मालक अण्णाशेठ खिडकीशी उभे होते. कन्सल्टंटना त्यांनीच बोलावलं होतं. खाली जेटीवर दोन ट्रॉलर बर्फाची वाट बघत लागले होते आणि त्यांना द्यायला आमच्याकडे बर्फ नव्हता. आदल्या दिवशी सकाळी आमच्या प्लँटमध्ये अमोनिया सुटला होता. वामन, आमचा सर्वांत जुना ऑपरेटर, डोळ्यांवर पट्ट्या बांधून ओरोसच्या जिल्हा हॉस्पिटलात पडला होता. उद्या-परवा फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होते.

मी त्या बर्फाच्या कारखान्याचा मॅनेजर होतो. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका खाडीच्या तोंडाशी तो कारखाना आहे. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही.

आधी काम काय असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बर्फाच्या कारखान्यात थंडी तयार करतो तो अमोनिया. मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये तो दाबला जातो, थंड होऊन पातळ होतो, एका लोखंडी टाकीत जमतो आणि तिथून मिठाच्या पाण्याच्या हौदातल्या पाइपांत फिरतो. त्या हौदात पत्र्याचे डबे बुडवलेले असतात. डब्यांत गोडं पाणी. त्याची लादी होते. ती फोडून ट्रॉलरवर चढवायची, की मासे चार दिवस टिकतात. एवढाच धंदा.

कॉम्प्रेसरला तेल लागतं. त्यातलं थोडं तेल अमोनियाबरोबर पुढे जातं आणि टाकीच्या तळाशी साचतं. आठवड्यातून एकदा ते काढावं लागतं. याला ऑईल ड्रेन म्हणतात. टाकीखाली एक नळी असते. तिच्यावर दोन व्हॉल्व्ह. पहिला चाकाचा, हाताने फिरवून उघडायचा. दुसरा स्प्रिंगचा. याचा दांडा ऑपरेटरने हाताने दाबून धरायचा, तोवरच तो उघडा राहतो. हात सोडला की आपोआप बंद. म्हणजे तेल संपून अमोनिया यायला लागला आणि माणूस घाबरून पळाला, तरी व्हॉल्व्ह मागे उघडा राहत नाही. ऑपरेटरचा जीव त्या एका स्प्रिंगवर असतो.

ती स्प्रिंग आमच्याकडे कामातून गेली होती.

वामनने ते मला हंगाम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. मी सकाळचा राउंड घेत होतो.

"सायबानू, तो स्प्रिंगचो व्हॉल्व्ह सोडलो तरी माघारी येणा नाय. अडाकता."

"तेल घालून बघलंस?"

"बघलंय. बदलूकच व्हयो. आणि मागचा चाक पण नीट बसणा नाय."

मला प्रश्न लगेच कळला. चाकाचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर पुढचा बदलता येत नाही. दोन्ही बदलावे लागतील. त्यासाठी टाकी रिकामी करायची. म्हणजे प्लँट दीड-दोन दिवस बंद. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून जेमतेम वीस दिवस झाले होते. बांगडा लागला होता. लाद्यांसाठी ट्रॉलरवाले माझ्या केबिनमध्ये बसून राहत.

"हंगाम आसा रे," मी म्हटलं. "गणपतीची चवथ होवंदे, मगे बघूया."

वामन मशीनकडे परत गेला. पाळी संपताना त्याने लॉगबुकात लिहिलं. लॉगबुक म्हणजे मशीनचे प्रेशर आणि तापमान दर तासाला लिहायची वही. शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. वामनचं अक्षर शाळेत गिरवल्यासारखं सुटं. त्याने लिहिलं: 'ऑईल ड्रेन स्प्रिंग व्हॉल्व्ह परत येत नाही. मॅनेजर साहेबांना सांगितले.' दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याखाली सही केली. मी रोज सकाळी लॉगबुकावर सही करायचो. चहा घेता घेता.

पुढच्या आठवड्यात त्याने तोच शेरा पुन्हा लिहिला. मी पुन्हा सही केली.

अण्णाशेठना मी सांगितलं नाही असं नाही. एकदा गाडीत बसताना सांगितलं. ते म्हणाले, "परब, आता नको. दिवाळीनंतर एक आठवडो बंद ठेवूया आणि सगळा करून घेवया." मी "बरा" म्हटलं. लिहून दिलं नाही. लिहून दिलं असतं तर त्यांनाही लिहून नाही म्हणावं लागलं असतं, आणि बहुतेक त्यांनी नाही म्हटलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण लिहून देणं म्हणजे मालकाशी वाकडं घेणं, असं आमच्याकडे समजतात. मीही समजत होतो.

त्याच्या पुढच्या आठवड्यात वामन केबिनच्या दारात येऊन उभा राहिला.

"आज ऑईल काडूचा आसा. काय करू?"

तेल काढलं नाही तर बर्फ नीट धरत नाही. समोर दोन तांडेल बसले होते. तांडेल म्हणजे ट्रॉलरचा प्रमुख, समुद्रावरचा कप्तान. दोघेही माझ्याकडे बघत होते.

"स्प्रिंगचो उघडो बांधून ठेव," मी म्हटलं. "मागच्या चाकावरच काड. हळूहळू."

तो गेला. ते काम नीट झालं. त्या दिवशीचा शेरा होता: 'स्प्रिंग व्हॉल्व्ह उघडा बांधून चाकावर ऑईल काढले. मॅनेजर साहेबांच्या सांगण्यावरून.' खाली माझी तिसरी सही.

कुठल्याही कारखान्याच्या कागदांवर दोन नावं असतात. एक मालकाचं, एक मॅनेजरचं. मालकाचं नाव का असतं ते सगळ्यांना कळतं. मॅनेजरचं का असतं, यावर मी नोकरीच्या सदतीस वर्षांत फारसा विचार केला नव्हता. त्यातली सव्वीस वर्षं ठाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये काढली. तिथे दर वर्षी मॅनेजरांना नीतिनियमांची एक पुस्तिका मिळायची. शेवटच्या पानावर सही करून पान परत द्यायचं. सप्लायरकडून भेटवस्तू घेऊ नका, नातेवाइकाला कंत्राट देऊ नका, कंपनीची माहिती बाहेर सांगू नका. मी यातलं काहीही कधी केलं नाही. त्यामुळे मी स्वतःला नीतीचा माणूस समजत होतो. 'हंगाम संपल्यावर बघू' असं म्हणू नका, हे त्या पुस्तिकेत कुठल्याच पानावर नव्हतं.

अपघात पुढच्या ऑईल ड्रेनला झाला. सकाळचे साडेनऊ-दहा. मी केबिनमध्ये फोनवर होतो. आधी आवाज आला, कुकरची शिटी सतत वाजावी तसा. मग वास. अमोनियाचा वास नाकात जात नाही, डोक्यात जातो. डोळ्यांतून पाणी यायला लागतं आणि श्वास घशातच अडतो.

काय झालं होतं ते नंतर कळलं. वामनने चाक थोडं उघडलं, पण काही आलं नाही. नळीत घट्ट तेल अडकलं होतं. त्याने आणखी थोडं उघडलं. तरी नाही. आणखी एक फेरा दिला तेव्हा तो बोळा एकदम सुटला आणि मागून पातळ अमोनिया सगळ्या जोराने आला. खाली पाण्याची बादली होती, ती उडाली. वामनच्या तोंडावर फवारा बसला. त्याने चाक बंद करायचा प्रयत्न केला, पण दिसत नसताना तो ते उलटं फिरवत होता. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह चालू असता, तर हात सुटताच सगळं थांबलं असतं. तो तर मी उघडा बांधायला सांगितला होता.

मी धावलो. मशीनरूमच्या दारातून पांढरे लोट बाहेर येत होते. त्यातून बाबल वामनला बगलेत धरून ओढत बाहेर आला. बाबल आमच्याकडे लाद्या उचलायचा, पन्नाशीचा माणूस. तोंडाला ओला पंचा गुंडाळून तो आत शिरला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"पाणी!" मी ओरडलो. "डोळ्यांर पाणी मार. थांबा नको. मी सांगीपर्यंत मारीत ऱ्हव."

बाबलने डबे भरायची पाइप घेतली आणि वामनचं डोकं मांडीवर घेऊन पाण्याची धार सोडली.

आत चाक बंद करायला मास्क लागणार होता. प्लँटमध्ये एक गॅस मास्क होता. माझ्या केबिनमधल्या कपाटात, कुलपात. कुणी इकडेतिकडे टाकू नये म्हणून मीच तिथे ठेवला होता. मी परत केबिनमध्ये गेलो, ड्रॉवर उघडला, किल्ल्यांचा जुडगा काढला. पाच किल्ल्या होत्या. चौथी लागली. मास्क चढवून आत गेलो आणि चाचपडत चाक बंद केलं. चाक बंद करायला मिनिटभरही लागलं नसेल. कपाट उघडायला त्याहून जास्त वेळ गेला.

वारा खाडीकडे वाहत होता. पाण्यावर धुकं पसरल्यासारखं दिसलं आणि दहा मिनिटांत विरलं. कारखान्याच्या दुसऱ्या बाजूला वस्ती आहे. वारा फिरला असता तर मी हे लिहायला बसलो असतो की नाही, माहीत नाही.

वामनला ओरोसला नेलं. डॉक्टर म्हणाले, पाणी ताबडतोब मारलं म्हणून बरं. डावा डोळा वाचेल. उजव्याचं आत्ता सांगता येत नाही, गोव्याला दाखवावं लागेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी कन्सल्टंट आले, आणि टेबलावर ते कोरं लॉगबुक आलं.

कन्सल्टंट वाईट माणूस नव्हते. सभ्य बोलायचे. त्यांनी अपघाताचा रिपोर्टही तयार करून आणला होता. 'ऑपरेटरने परवानगीशिवाय ऑईल ड्रेनचे काम हाती घेतले. सुरक्षा व्हॉल्व्ह स्वतःहून निकामी केला.' खाली मॅनेजरच्या सहीसाठी जागा.

"सर, हे वामनवर जातं," मी म्हटलं.

"कुणावर तरी जाणारच," ते म्हणाले. "तुम्ही जरा शांतपणे विचार करा. जुन्या लॉगबुकात काय दिसतं? तीन वेळा तक्रार, तीन वेळा तुमची सही. शेठचं नाव त्यात कुठे आहे? नाही. यात सर्वांत जास्त तुम्ही वाचताय."

ते खरं होतं. मला खोटं लिहायला सांगत होते, पण ते खोटं माझ्यासाठीच शिवलेलं होतं. मापही बरोबर घेतलं होतं.

अण्णाशेठ खिडकीपासून वळले. "परब, वामनाक मी वाऱ्यार सोडूचंय नाय. तेच्या घरचा सगळा मी बघतलंय. पण प्लँट बंद झालो तर बावीस माणसा घराक जातली. ह्या सगळ्या होड्ये खंय जातले?"

तेही खरं होतं. अण्णाशेठ शब्दाला पक्के आहेत, हे मी आजही म्हणेन. मी म्हटलं, "उद्या सांगतंय." जुनं लॉगबुक माझ्या कपाटात होतं. ते पिशवीत घातलं आणि घरी गेलो.

घरी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "तू तेका बांधून ठेव म्हणान सांगलंस?"

"होय."

ती उठून आत गेली. 

सकाळच्या एस्टीने ओरोसला गेलो. वामनची खाट खिडकीकडे होती. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, गालाची कातडी लाल होऊन सोलवटलेली. त्याची बायको सुगंधा स्टुलावर बसली होती. माझी चाहूल लागताच त्याने मान वळवली.

"सायब इले काय?"

"होय रे. मी."

"आणखी कोणाक काय झाला?"

"नाय. कोणाक नाय."

"बाबल?"

"बरो आसा. वायच खोकता."

त्याने उशीवर मान परत टेकवली. मग म्हणाला, "मी वयीत लिवला होता. ता पान आसा मा?"

लॉगबुक माझ्या पिशवीत, मांडीवर होतं. "आसा," मी म्हटलं.  मला वाटलं होतं तो ओरडेल, निदान एखादा शब्द बोलेल. तो पडून राहिला. 

सुगंधा मला दाराबाहेर घेऊन आली. हळू आवाजात म्हणाली, "सायबानू, एक सांगू? काल अण्णाशेठ इल्ले. घरची काळजी करू नको म्हणाले. आमचा चेडू बारावीत शिकता. उद्या प्लँट बंद झालो आणि शेठ रागावले, तर ह्यांका कोण विचारतलो? शेठ सांगतत तसा लिवा."

"सुगंधा, तेच्यात वामनाची चूक म्हणान लिवचा लागतला."

"लिवा. तेवड्यासाठी काय फाशी देणत नाय."

 ती चुकीचं काहीच बोलत नव्हती. हे माझ्या हिशेबात नव्हतं. ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्या घरातून खरं लिहा असं सांगतील, आणि माझं काम सोपं होईल, अशी माझी समजूत असावी.

आतून वामनची हाक आली. त्याने ऐकलं होतं. डोळे बांधलेल्या माणसाला जास्त ऐकू येतं.

"गो, तू गप ऱ्हव," तो तिला म्हणाला. आणि मला: "सायबानू, वीस वर्सा मी त्या मशिनीर आसंय. माझ्या हातान चूक झाली म्हणान लिवल्यात, तर मी परत थंय पाय ठेवचंय नाय. शेठनी घरी बसवून पोसल्यानी तरी नाय."

सुगंधा पाठ फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिली. मी दोघांनाही काही वचन दिलं नाही. परत निघालो.

एस्टीत बसून मी मनातल्या मनात पत्र लिहून पाहिलं. खोटं आणि खरं अशा दोन टोकांच्या मधलं काहीतरी निघतं का बघत होतो. 'यांत्रिक बिघाडामुळे.' 'दुर्दैवी घटना.' 'संबंधितांकडून अनवधानाने.' असे शब्द मला चांगले येतात. आयुष्यभर रिपोर्ट लिहिलेत. पण प्रत्येक वेळी वाक्याच्या शेवटी कुणीतरी विचारत होतं, व्हॉल्व्ह उघडा कुणी ठेवला? आणि त्याचं उत्तर एकच होतं. वाटेवरच्या कट्टा गावापर्यंत येईतो मी दमून गेलो. ठरवलं असं म्हणत नाही. दुसरं काही शोधायची ताकद उरली नाही, असं म्हणतो.

दुपारी अण्णाशेठच्या घरी गेलो. इन्स्पेक्टरसमोर एकदम वही काढून त्यांना तोंडघशी पाडायचं नव्हतं. पगार त्यांचा खाल्ला होता. त्यांना आधी कळायला हवं होतं.

ते पडवीत बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. "अण्णा, मी जुना लॉगबुक देतलंय. रिपोर्ट मी माझ्या हातान लिवतलंय. वामनाची चूक नाय म्हणान लिवतलंय. तुमका आदी सांगूक इलंय."

त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काय लिवतलंस?"

"मी तुमका तोंडी सांगलंय, लिवन दिलंय नाय. झाला तेवडाच."

"परब, तुका कळता मा तू काय करतंस ता? परवान्यार तुझा नाव आसा. माझ्या आदी तू अडाकतलंस."

"माका ठावक आसा."

"मगे कित्याक?"

 "मी तेका बांधून ठेव म्हणान सांगलंय, अण्णा," एवढंच म्हटलं. ते उठून घरात गेले. चहा आला नाही. त्या घरी चहा न घेता मी पहिल्यांदाच निघालो.

इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आल्या. चाळिशीच्या मॅडम, पायात बूट, हातात टॉर्च. आधी मशीनरूममध्ये गेल्या. गुडघे टेकून टाकीखाली वाकल्या आणि नळीचे, व्हॉल्व्हचे फोटो काढले. दांड्याला बांधलेली सुतळी अजून तशीच होती. ती त्यांनी बोटाने हलवून पाहिली.

केबिनमध्ये येऊन म्हणाल्या, "लॉगबुक."

कन्सल्टंटनी टेबलावरचं नवं लॉगबुक पुढे सरकवलं. अण्णाशेठनी त्यावर हात ठेवला. ढकलायला की थांबवायला, ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर मी कधी विचारलं नाही. मी पिशवीतून जुनं काढून मॅडमसमोर ठेवलं.

"हे खरं," मी म्हटलं. "खुणेची चिठ्ठी घातली आहे. तीन शेरे आहेत. खाली सही माझी आहे."

त्यांनी तिन्ही पानं वाचली. घाई केली नाही. मग मान वर केली.

"उघडा बांधून ठेवायला तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"लेखी?"

"तोंडी. ऑपरेटरने लिहिलं, मी वाचून सही केली." मग मला वाटलं, तेही पूर्ण खरं नाही. "नीट वाचलं नव्हतं. सही केली."

"मास्क कुठे होता?"

"या कपाटात. कुलपात."

"तुम्ही स्वतःविरुद्ध सांगताय, हे कळतंय ना तुम्हाला?"

"हो, मॅडम."

त्यांनी आपल्या फाइलमधून कोरे कागद काढले. "बसून लिहा. सुंदर लिहू नका. वार, वेळ आणि कोण काय म्हणालं ते लिहा." मग कन्सल्टंटकडे वळून नव्या लॉगबुकाकडे बोट दाखवलं. "आणि हे काय आहे?"

कन्सल्टंट म्हणाले, "स्टेशनरी आहे मॅडम. पुढच्या महिन्यासाठी."

मी साडेतीन पानं लिहिली. हात दुखला.

प्लँट सात आठवडे बंद राहिला. दोन्ही व्हॉल्व्ह बदलले, टाकीची तपासणी झाली, मास्क मशीनरूमच्या दाराबाहेर उघड्या पेटीत लागले. हे सगळं दीड दिवसात होण्यासारखं होतं, पण आता परवानगीशिवाय काही चालू करता येत नव्हतं. आमच्याकडच्या ट्रॉलरना देवगड-वेंगुर्ल्याहून बर्फ आणावा लागला. काहींना वेळेवर मिळाला नाही. लाद्या उचलणारी माणसं घरी बसली. बाबल मुंबईला भावाकडे जाऊन आला.

एक तांडेल माझ्या घरी आला. वामन विचारायला आला त्या दिवशी केबिनमध्ये बसलेल्या दोघांपैकी एक.

"बांगडो फेकून दिलंय," तो अंगणातूनच म्हणाला. "सगळो. तुमचा खरेपण घेवन मी काय करू? बर्फासारखा माशार घालू?"

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

मला त्या दिवसांत चार माणसं बरं केलंत म्हणाली असतील. त्यातली तीन आमच्या गावची नव्हती.

केस मालक आणि मॅनेजर दोघांवर झाली. दोघांनी गुन्हा कबूल केला, दोघांना दंड झाला. अण्णाशेठनी मला कामावरून काढलं नाही. परवाना नवा करताना त्यावर दुसऱ्याचं नाव घातलं आणि मला फोन करून कळवलं. कुडाळचा एक इंजिनिअर आहे, तरुण. सगळं लिहून देतो म्हणतात. अण्णाशेठ त्याच्यावर वैतागतात आणि त्याचं ऐकतातही.

वामनवर एक शब्दही आला नाही. इन्स्पेक्टरच्या रिपोर्टात त्याचा उल्लेख तक्रार करणारा ऑपरेटर असा आहे. गोव्याला दोन ऑपरेशनं झाली. डावा डोळा चांगला आहे. उजव्याने उजेड-अंधार कळतो, आकार कळत नाही. त्यामुळे ऑपरेटरचं काम त्याला पुन्हा करता येणार नाही. तो आता त्याच प्लँटच्या गेटवर बर्फाची कुपनं बघतो. घरी बसून राहायला तो तयार नव्हता, आणि अण्णाशेठनी दिलेला शब्द मोडला नाही. सुगंधा बाजारात दिसली तर मान हलवते, थांबत नाही. मीही तिला थांबवत नाही.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला माझे राहिलेले कागद घ्यायला प्लँटवर गेलो. गेटवर वामन खुर्ची टाकून बसला होता. मला बघायला त्याला मान पूर्ण वळवावी लागली. उठू लागला, मी खांद्यावर हात ठेवून बसवलं. दोघांनी एका ट्रॉलरमध्ये बर्फ चढताना पाहिला.  शेवटी तोच बोलला.

"सायबानू, तुमी खरा लिवल्यात. बरा केल्यात." जरा थांबून म्हणाला, "पण व्हॉल्व्ह आदी बदलल्यात आसतात, तर लिवची पाळीच इली नसती."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने नुसता हंगामाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. मी होय म्हटलं, कागद घेतले आणि घरी आलो.

अधूनमधून कुणीतरी मला प्रामाणिक माणूस म्हणून ओळख करून देतं. मी दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही, दमायला होतं. पण माझं मत असं आहे, की मॅनेजरच्या प्रामाणिकपणाची गरज अपघाताच्या आधीच्या तीन आठवड्यांत असते. नंतर तो जे देतो, त्याला जबानी म्हणतात.